ममाचा लाल ठिपका

डेट्रॉइट
रविवार, ६ ऑक्टोबर २०१३

थॅड,

प्रिय-बिय काही लिहीत नाही. भाऊ ना तू माझा? लाज वाटायला हवी तुला.

आज चर्च सुटल्यावर नेहमीसारखी जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. कुठल्या ते सांगणार नाही, नाहीतर उरलेल्याही उचलून तू दुसरीकडे विकशील. तिथे लोक सोलच्या, त्या प्रेमाच्या आणि नाचायच्या गाण्यांच्या, खोक्यांवर तुटून पडतात. हल्ली दाढीवाली गोरी पोरं येतात, आणि रेकॉर्ड अशी दोन हातांनी बाहेर काढतात, जशी काही सुईणच! मी आपली आधी खाली वाकून चर्चच्या भजनांचे खोके चाळते. का, ते तुला ठाऊक आहे. दुकानदार हसतो. म्हणतो, "मिस वर्लीन, देवाचं झालं असेल तर जरा सैतानाकडेही बघा की."

आणि तिथे, धुळीत, एका कव्हरवर जांभळे झगे घातलेल्या त्या गाणाऱ्या बायका. एकीचा डोळा मिटलेला. कव्हरचा कोपरा कुत्र्याने चावलेला. कुठल्या कुत्र्याने? आपल्या डचेसने! उलटं करून पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका, ममाच्या नेलपॉलिशचा. दुकानदाराने स्टूल दिलं तेव्हा बसले.

ठिपका कशासाठी होता ते आठवतं का, की तेही विकून टाकलंस? शनिवारी पप्पांची रात्रपाळी असायची; ज्याच्या घरी पार्टी, तिथे सगळी आळी आपापल्या रेकॉर्ड घेऊन जायची. सकाळी कोणाची कोणाकडे याचा पत्ता नसायचा. कुणी नाव लिहायचं, ममा ठिपका द्यायची. "माझी पोरं आणि माझ्या रेकॉर्ड, दोन्ही घरी परत आली पाहिजेत," म्हणायची. तिच्या उभ्या आयुष्यात एक हरवली नाही, आणि तू खोक्याने विकल्यास.

तिला पुरून आलो त्या दिवशी लोक अजून ताटात कोंबडी वाढून घेत होते, आणि तू मागच्या दाराने सगळा ढीग गाडीत भरलास. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे परत आणशील तेव्हा तुझा उंबरा चढेन. तू काय म्हणालास? "वर्लीन, तुला ऐकायचं नाहीये, तुला फक्त मालकीण व्हायचंय." बरं बाबा. तेव्हापासून मी तेच अल्बम एकेक करून जमवतेय. कुठे गॅरेजमधली विक्री, कुठे मेलेल्या माणसाचं घर रिकामं होतंय, की मी हजर. पण त्या रेकॉर्डची खरखर दुसऱ्याच्या घरची असते. आपल्या रेकॉर्डची खरखर मला पाठ आहे.

आजची ती घरी आणून लावली. ममा हातात झाडू घेऊन डोळ्यांसमोर नाचायला लागली, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं.

विकायचंच होतं तर आधी मला विचारायचं होतंस.

वर्लीन


डेट्रॉइट
रविवार, २० ऑक्टोबर

थॅड,

उत्तर नाही. फोन केला तर नंबर बंद. असू दे.

आज आणखी मिळाल्या, त्याच दुकानात, त्याच खोक्यात. या वेळी कोपऱ्यातला ठिपका खरवडून काढलेला. खालचा पांढरा पुठ्ठा दिसतोय, गुडघा सोललेल्या पोरासारखा. माझं पत्र वाचून तुला हे सुचलं? अरे, विकलंस ते विकलंस, वर ममाची खूण नखाने खरवडायची? तुला काय वाटलं, मी ठिपक्यावरून ओळखते? डचेसचे दात मी ओळखत नाही? तू सांडलेल्या सरबताचा डाग ओळखत नाही?

आधी वाटलं, तुला लाज वाटली असेल. लाज वाटली म्हणजे माणूस अजून शिल्लक आहे. पण दुपारभर मनात पाल चुकचुकतेय. तू हट्टी आहेस, आपमतलबी आहेस, पण त्या ठिपक्याला हात लावणारा नाहीस. ती गेली तेव्हा तिच्या टेबलावरची नेलपॉलिशची वाळकी बाटली तू खिशात टाकलीस, ते मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही.

तू बरा आहेस ना? जेवतोस ना? औषधं चालू आहेत का? उरलेल्या रेकॉर्ड ऐकतोस की नुसत्या रचून ठेवल्यास? दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल. तुझ्या शिव्या मला कळतात.

वर्लीन


डेट्रॉइट
रविवार, ३ नोव्हेंबर

थॅड,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पर्समध्ये ठेवणार आहे. पोस्टातून गेलेली पत्रं तुझ्या हातात पडत नाहीत, हे मला काल कळलं.

काल तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं. "प्रिय भगिनी," तिथेच मी चष्मा काढून पुसला. आजवर तू मला कधी भगिनी म्हणालास? टोपणनावं ठेवलीस, तीही चारचौघांत न सांगण्यासारखी. पुढे लिहिलंय: "मी ठणठणीत आहे. आता धर्मात मन रमत नाही, म्हणून भजनांच्या रेकॉर्ड तेवढ्या काढून टाकल्या. सोलचे अल्बम सगळे जपून ठेवले आहेत. रोज संध्याकाळी तेच ऐकत बसतो. इकडे येण्याची तसदी घेऊ नये."

सोलचे अल्बम रोज ऐकतो म्हणे!

थॅड, तिथे मला कळलं, हे तू लिहिलेलं नाहीस. कारण त्या कव्हरांत सोल नाहीच. कधी नव्हतंच. हे आता जगात दोघांनाच माहीत आहे, तुला आणि मला.

पप्पा डीकन, चर्चचे कारभारी. त्यांच्या घरात देवाखेरीज दुसऱ्या कुणाचं गाणं वाजायचं नाही. आणि ममाला त्या गाण्याशिवाय भांडी घासता यायची नाहीत. मग तिने काय केलं? सोलच्या रेकॉर्ड भजनांच्या कव्हरात, आणि भजनांच्या रेकॉर्ड सोलच्या कव्हरात, ही दुसरी कव्हरं ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली. पप्पा फळीकडे बघून मान डोलवायचे: "बघा, आमच्या घरी किती भजनं!" तुझं काम खिडकीशी उभं राहायचं. कोपऱ्यावर त्यांची टोपी दिसली की भिंतीवर तीन ठोके. ठक, ठक, ठक. म्हणजे पप्पा आले, सावध. ममा सुई उचलायची, मी रेकॉर्ड बदलायची, आणि ते दारात येईपर्यंत घरभर भजन चालू. पप्पा गेले, ट्रंक बाहेर आली, सगळी कव्हरं एका फळीवर आली, पण अदलाबदल तशीच राहिली. "हाताला सवय झालीय," म्हणायची ममा. तुझ्याही हाताला होती, माझ्याही. म्हणून तर मी भजनांचे खोके आधी चाळते.

तेव्हा ज्याने हे पत्र लिहिलं त्याने त्या फळीवरची एकही रेकॉर्ड कधी बाहेर काढून पाहिलेली नाही. ठिपका कव्हरवरचा खरवडला. ममा आतल्या रेकॉर्डच्या लेबलवरही ठिपका द्यायची, तो जिथल्या तिथे आहे. त्याला वाटतंय, स्वस्तातली भजनं विकली आणि महागाचा माल ठेवला. प्रत्यक्षात त्याने ममाचा सगळा जीव मातीमोलाने विकला, आणि सांभाळून ठेवल्यात त्या चर्चच्या बायका. एरवी मी पोट धरून हसले असते. काल हसू आलं नाही.

मग मी उठून पर्नेलकडे गेले. पर्नेल म्हणजे तो दुकानदार. विधुर आहे, जिभेला हाड नाही, पण माणूस सोन्यासारखा. विचारलं, हे खोके आणतं कोण? म्हणाला, "एक रॉडरिक नावाचा तरुण. बूट चकचकीत, बोलणं तुपासारखं. म्हणतो, एका म्हाताऱ्याची देखभाल करतो. म्हाताऱ्याला झटका आला, तेव्हापासून वाचा गेलीय, आता मीच त्याचं सगळं बघतो."

वाचा गेलीय. तुझी! पप्पांच्या समोर मोठ्याने उलट बोलणारा आपल्या घरात एकटा तू होतास. आणि मला कुणी कळवलंही नाही.

तुझ्या गावच्या पोलिसांना फोन केला. ते गेले, आणि दारातूनच परत आले. तुझा सगळा कारभार त्या माणसाकडे सोपवल्याचा, तुझ्या सहीचा कागद त्याच्याकडे आहे म्हणे. म्हातारा झोपलाय म्हणाला, पलंगावर कुणीतरी झोपलेलं दिसलं, यांचं काम झालं. "बाई, तुमच्या भावाला तुम्हाला भेटायचं नाहीये," मला सांगतात. मी फोन ठेवला आणि देवाला दोन गोष्टी ऐकवल्या. त्याही लिहिण्यासारख्या नाहीत.

पर्नेल म्हणाला, "मिस वर्लीन, त्याने तुमचं तोंड पाहिलेलं नाही ना? मग माझ्याबरोबर चला. मी सोलचे अल्बम घ्यायला म्हणून जातो. तुम्ही माझी बायको."

म्हटलं, "संधी साधतोयस होय रे?"

म्हणाला, "किती दिवसांपासून बघतोय, आज मिळाली."

मी हसले आणि लगेच हमसून रडले. त्याने दुकान बंद करून मला घरी सोडलं.

रॉडरिक सावध होऊ नये म्हणून तुझ्या नावाने एक पत्र पोस्टात टाकणार आहे. त्यात जे लिहीन ते खोटं समज.

वर्लीन


डेट्रॉइट
सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय थॅडियस,

पत्र मिळालं. तू ठणठणीत आहेस, वाचून आनंद झाला. रेकॉर्ड तुझ्या, तू विकाव्यास नाहीतर चुलीत घालाव्यास. मी म्हातारी झाले, भांडायचं त्राण उरलेलं नाही. थंडी पडली की गुडघे धरतात, तेव्हा तिकडे येण्याचा प्रश्नच नाही. नाताळला कार्ड पाठवीन.

तुझी भगिनी,
वर्लीन


रविवार, १७ नोव्हेंबर
पर्नेलच्या गाडीत, तुझ्या घराजवळ

थॅड,

कागद मांडीवर ठेवून लिहितेय. अक्षर लागत नसेल तर समजून घे. पोलिसांना फोन लावून झालाय. पर्नेल पुन्हा लावतोय, आणि मला नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. आज जे झालं ते कुठेतरी लिहून राहायला हवं.

भर दुपारी आलो. चर्चचा कोट घातला, डोक्यावर ममाची हिरवी टोपी. तुझा उंबरा चढले, रे. म्हटलं होतं ना रेकॉर्ड परत आणशील तेव्हाच चढेन? चढले.

रॉडरिकने दार उघडलं. "या या, आई, थंडीत उभ्या का?" आई म्हणाला मला. हात मऊ, नखं कापलेली. घरात फिनेलचा वास इतका की डोळे चुरचुरले. तुझी खुर्ची होती, तिच्यावर त्याचा कोट. पर्नेलने विचारलं, "म्हातारबाबा कुठेत?" म्हणाला, "आता पुतणीकडे ठेवलंय, तिकडे त्यांना बरं वाटतं." थॅड, तुला पुतणी कुठली? आपण दोघंच. मी ओठ चावून भिंतीकडे बघत बसले.

फळीवर ममाची सगळी सोलची कव्हरं. प्रत्येकाला नवं प्लास्टिक चढवलेलं. आणि शेजारी तुझा प्लेअर, त्यावर धूळ इतकी की बोटाने नाव लिहावं.

कव्हरांची अदलाबदल मी पर्नेलला सांगून ठेवली होती. ठरल्याप्रमाणे तो म्हणाला, "ऐकल्याशिवाय मी घेत नाही. खरचटलेली निघाली तर गिऱ्हाईक माझी मान धरतं." रॉडरिक म्हणाला, प्लेअर बिघडलाय. पर्नेलने बॅगेतून स्वतःचा छोटा प्लेअर काढला. रॉडरिकने एक कव्हर दिलं, आपलं ते निळं, ममाचं सगळ्यात लाडकं. पर्नेलने सुई टेकवली आणि आवाज पूर्ण सोडला.

घरभर भजन उसळलं. पन्नास बायकांचा आवाज, टाळ्या, तो ऑर्गन.

रॉडरिकचं तोंड बघायला हवं होतंस. "हे काय? हे तर चर्चचं आहे!" दुसरं कव्हर फाडल्यासारखं उघडलं. तेही भजन. तिसरं. तेही. पर्नेल साळसूदपणे म्हणाला, "होतं असं कधीकधी. कव्हरं बदलतात."

आणि तेव्हा खालून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

भजन चाललं होतं त्यातही आला. फरशीखालून, जिन्याच्या बाजूने. तुझी वाचा गेली असेल, पण हात गेलेला नाही. तू ते भजन ऐकलंस, आणि वर कोण आलंय ते तुला कळलं. त्या कव्हरांत भजनं आहेत हे माझ्याखेरीज कुणाला माहीत असणार? आणि तू काय सांगितलंस? सावध म्हणालास. तिथे खाली पडलेला असून तू मला सावध केलंस.

मी शहाणी असते तर गप्प बसले असते. माझ्या तोंडून निघून गेलं, "थॅड!"

रॉडरिकने सुई उचलली. हसतच म्हणाला, "जुने पाइप आहेत, आई, थंडीत वाजतात." मग माझ्याकडे बघत राहिला, टोपीपासून बुटांपर्यंत. "तुमचं नाव काय म्हणालात?"

पर्नेलने माझं कोपर धरलं. "बायको आहे माझी, आणि हिला बरं वाटत नाहीये. पैसे घेऊन परत येतो." आम्ही बाहेर आलो. पायऱ्या उतरताना माझ्या पाठीवर त्याची नजर होती. दाराला आतून कडी लागलेली मी ऐकली.

आता आमची गाडी कोपऱ्यावर झाडाखाली उभी आहे. इथून तुझं मागचं अंगण दिसतं. आधी रॉडरिकने कपड्यांच्या पिशव्या बाहेर आणल्या आणि स्वतःच्या व्हॅनमध्ये टाकल्या. मग टीव्ही. मग फळीवरच्या रेकॉर्ड, आता त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता, कचऱ्यासारख्या फेकल्या. मग चाकांची खुर्ची, घडी घातलेली. थॅड, ती खुर्ची तुझी ना? ती व्हॅनमध्ये गेली आणि तू गेला नाहीस.

पोलीस "येतोय" म्हणाले. तसं ते मघाशीही म्हणाले होते.

पर्नेल म्हणतो, "मिस वर्लीन, तुम्ही गाडीतच बसा, मी जातो." म्हटलं, "मला शिकवू नकोस. बायको ना मी तुझी आज? मग दोघं जाऊ." त्याने डिकीतून टायर काढायचा लोखंडी दांडा घेतलाय. तो मागे हटत नाहीये. हा माणूस यातून सुखरूप बाहेर पडला तर मी याला हो म्हणणार आहे. तू लग्नाला येशील आणि माझ्या निवडीला नाक मुरडशील.

रॉडरिक परत बाहेर आला. व्हॅनच्या मागून त्याने पेट्रोलचा डबा काढला. हातात डबा घेऊन तो घरात गेला. आपल्याकडे किती घरं अशी जळून गेली, आणि नंतर कुणी राखेत हातही घातला नाही, हे मला नि तुला कुणी सांगायला नको.

आता पोलिसांची वाट बघायची नाही.

तळघराची ती छोटी खिडकी मागच्या बाजूला आहे ना, जमिनीलगत? मी तिथून येते. लहानपणी खिडकीशी तू उभा राहायचास, आज मी आहे. तीन ठोके ऐकलेस की तोंडावर काहीतरी घे आणि खिडकीच्या काचेपासून लांब सरक. मला घाबरू नकोस, मी शिव्या देतच येईन, आवाजावरून ओळखशील.

हा कागद गाडीच्या काचेवर लावून जातेय. पोलिसांनो, उशिरा का होईना आलात तर वाचा: या घराच्या तळघरात माझा भाऊ आहे. जिवंत आहे. आणि आता मीही तिथेच आहे.

वर्लीन